३०९ नक्की कुणाची? टॅल्बट, प्यूजो का आपल्या कल्याणची

प्रश्न असा आलाय की काकांची १९९६ ची प्यूजो ३०९ डिझेल बदलापूरला शेडमध्ये अकरा वर्षं उभी आहे, ती परत रस्त्यावर आणायचीय, पण त्याआधी ही गाडी मुळात कुठली हे कुणीतरी नीट सांगा, कारण एक जण म्हणतो ही २०५, म्हणजे प्यूजोचीच छोटी गाडी, लांब करून बनवली, दुसरा म्हणतो ही प्यूजो नव्हेच, टॅल्बट या दुसऱ्याच ब्रँडची आहे, आणि ३०९ च्या नंतर प्यूजोची ३०६ कशी काय आली हे तर कुणालाच सांगता येत नाही. आणि शेवटी, खर्च करण्यालायक आहे का.

मी १९९५ पासून या गाड्यांवर हात काळे केलेत, आधी दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये आणि मग डोंबिवलीत स्वतःचं गॅरेज टाकून, तेव्हा जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगतो. पहिलं म्हणजे ते दोघंही बरोबर आहेत. २०५ लांब करून बनवली हे खरं, आणि जन्माने टॅल्बट हेही खरं. नंबरचं कोडं यातूनच सुटतं.

सुरुवात १९७८ पासून करावी लागते. त्या वर्षी अमेरिकन क्रायस्लरने युरोपातला आपला सगळा पसारा प्यूजो-सिट्रोएनच्या गळ्यात मारला, कर्जासकट. त्या पसाऱ्यात काय होतं, तर फ्रान्समध्ये पॅरिसजवळ पोआसीला सिम्का या फ्रेंच गाड्यांच्या कंपनीचा अवाढव्य कारखाना, इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ रायटनचा कारखाना, आणि कॉव्हेंट्रीतच व्हिटली नावाच्या जागी डिझाइनवाल्यांचं ऑफिस. क्रायस्लर हे नाव वापरता येणार नव्हतं म्हणून १९७९ मध्ये टॅल्बट हे जुनं नाव धूळ झटकून बाहेर काढलं आणि या सगळ्या गाड्यांना चिकटवलं. यातली बरी गाडी म्हणजे होरायझन, जी १९७९ ची युरोपची कार ऑफ द इयर होती. आता होरायझनच्या जागी पुढे कधीतरी नवीन गाडी लागणारच, तर त्या प्रोजेक्टला नंबर दिला सी-२८ आणि बाजारात नाव ठरलं टॅल्बट ॲरिझोना. हीच तुमच्या काकांची ३०९. बाहेरचा आकार व्हिटलीच्या पोरांनी काढलेला, म्हणजे फ्रेंच गाडी म्हणून आपण मिरवतो तिचा चेहरा इंग्लंडमध्ये ठरलाय.

पण पैसा कुठे होता? ८० सालानंतर प्यूजोची अवस्था बेकार होती, क्रायस्लरचं लोढणं गळ्यात आणि विक्री ढेपाळलेली. त्यांना वाचवलं ते २०५ ने. २४ फेब्रुवारी १९८३ ला ती बाजारात आली, आणि मी म्हणेन की छोट्या हॅचबॅकमध्ये इतकं डोकं क्वचितच कुणी वापरलं असेल. बाहेरचं रूप प्यूजोच्याच जेरार वेल्टरचं, लोक सारखं पिनिनफारिनाचं नाव घेतात ते चुकीचं आहे, त्यांचाही प्रस्ताव होता पण निवड झाली घरातल्या डिझाइनची. आतलं काम पॉल ब्राकचं. लांबी फक्त ३७०५ मिलिमीटर, पण आत बसलं की मोठी वाटते, आणि त्याचं खरं कारण मागच्या सस्पेन्शनमध्ये आहे. बहुतेक गाड्यांमध्ये मागे स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर उभे असतात, ते डिकीत दोन्ही बाजूंनी घुसतात. इथे स्प्रिंगच नाही. त्याजागी आडव्या टॉर्शन बार, म्हणजे पोलादी कांब्या ज्या पिळल्या जाऊन स्प्रिंगचं काम करतात, आणि शॉकॲब्सॉर्बर पण जवळजवळ आडवे झोपवलेले, सगळं फ्लोअरखाली. ही कल्पना प्यूजोच्याच आधीच्या ३०५ च्या इस्टेट, म्हणजे मागे लांब डिकीवाल्या गाडीवरून उचलली. त्यामुळे डिकी एकदम सपाट आणि रुंद. ही गोष्ट लक्षात ठेवा, तुमच्या गाडीचं दुखणं पण नेमकं इथेच निघणार आहे.

२०५ चालली म्हणजे कशी चालली, १९९८ पर्यंत ५२ लाखांच्या वर बनल्या. १९८४ मध्ये तिची जास्त ताकदीची आवृत्ती जीटीआय आली, आधी १.६, मग १९८६ ला १.९ लिटर १३० हॉर्सपॉवरची. रॅलीत २०५ च्या टर्बो १६ ने १९८५ आणि १९८६ लागोपाठ दोन्ही वर्षं वर्ल्ड चॅम्पियनशिप मारली, ड्रायव्हर पहिल्या वर्षी सालोनेन, दुसऱ्या वर्षी कांकुनेन. तिचं साध्या २०५ शी नातं तोंडापुरतंच होतं, इंजिन मधे आणि चारही चाकं ओढणारी, पण शोरूममध्ये लोकांना बॉनेटवरचा प्यूजोचा सिंह दिसायचा ना, तेवढं बस होतं.

एक मजा सांगतो. १९८४ च्या कार ऑफ द इयरमध्ये २०५ दुसरी आली. पहिली कोण, तर फियाट उनो. या दोघी सवती १९८३ च्या एकाच हिवाळ्यात जन्मल्या, युरोपभर एकमेकींच्या झिंज्या उपटल्या, आणि दहा-बारा वर्षांनी एक स्वतः आणि दुसरीची ही लांबलेली बहीण, दोघी येऊन पडल्या कुठे तर आपल्या पद्मिनीवाल्या प्रीमियर कंपनीच्या दारात, उनो कुर्ल्याला आणि ३०९ कल्याणला. असो, पुढे येतो त्यावर.

तर २०५ चालल्यावर प्यूजोवाल्यांनी सरळ हिशोब केला. टॅल्बटची नवीन गाडी करायचीच आहे तर नवा प्लॅटफॉर्म कशाला, २०५ चा फ्लोअर घ्या आणि लांबवा. नुसता फ्लोअर नाही, दरवाजे पण २०५ चेच घेतले. दरवाजाचे डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, बनवायला प्रचंड पैसा लागतो, तो वाचला. आता गंमत बघा, दरवाजे तेच म्हटल्यावर मधला भाग फार लांबवता येत नाही, त्यामुळे व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४२० मिलिमीटरचं जेमतेम २४६९ झालं, पण गाडीची एकूण लांबी मात्र ३७०५ वरून ४०५१. म्हणजे साधारण ३५ सेंटीमीटर वाढले त्यातले पाचच चाकांच्या मधे गेले, बाकी सगळे पुढच्या नाकात आणि मागच्या बुडात. तुम्ही ३०९ बाजूने बघितलीत तर मागचा दरवाजा संपल्यावर गाडी उगीचच पुढे चालूच राहते असं वाटतं बघा, ते यामुळे. मागची ती गोलाकार वळलेली मोठी काच पण त्यातलीच, हॅचबॅक असून जरा डिकीवाल्या गाडीसारखी दिसावी म्हणून केलेली खटपट. कुणाला आवडते कुणाला नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मला याचा पुरावा हातात मिळाला तो २००३ च्या आसपास. एका गिऱ्हाइकाच्या ३०९ मध्ये पावसाचं पाणी पुढच्या दरवाजातून आत यायचं, रबर बीडिंग पार कडक होऊन चिरलेलं, मुंबईत शोधून मिळेना, एका दुकानदाराने दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचं माथी मारलं आणि पैसे पण परत दिले नाहीत. शेवटी माझा भाचा दुबईला होता त्याला सांगितलं, तर तो म्हणाला मामा इथे ३०९ चं नाही मिळत, २०५ पाच दरवाजेवालीचं आहे. म्हटलं आण. आणलं, आणि काय सांगू, कोपरा कापायला लागला नाही की ग्लू लावायला लागला नाही, हाताने दाबत गेलो आणि बसत गेलं. दहा मिनिटात काम. तेव्हा मी पहिल्यांदा शोधायला लागलो की असं कसं काय.

आता नाव टॅल्बटचं प्यूजो का झालं ते. १९८३ च्या डिसेंबरात पोआसीत मोठा राडा झाला. कंपनीला २९०५ माणसं काढायची होती, सरकार डाव्यांचं, पंतप्रधान मोरवाचं मंत्रिमंडळ, त्यांनी घासाघीस करून १९०५ ला मान्यता दिली. काढले जाणार होते त्यात बरेचसे मोरोक्को वगैरेकडून आलेले कामगार, ज्यांना साठ-सत्तरच्या दशकात याच कारखान्यांनी बोलावून आणलं होतं. कामगारांनी कारखाना अडवून धरला, जानेवारी ८४ मध्ये आतल्या आत कामगार विरुद्ध कामगार मारामाऱ्या, बोल्ट फेकाफेकी, शेवटी पोलिस. फ्रान्सच्या टीव्हीवर टॅल्बट हे नाव रोज दिसायचं पण ते भांडणाच्या बातम्यांत. अशा नावाने कोण गाडी घेणार? विक्री आधीच घसरलेली. १९८४ संपता संपता कंपनीने ठरवलं की टॅल्बटच्या कार बंद, आणि ॲरिझोना, जी जवळजवळ तयार होती, तिच्यावर सिंह चिकटवा आणि प्यूजो म्हणून विका.

पण मग नंबर कुठला द्यायचा. प्यूजोचं १९२९ च्या २०१ पासून ठरलेलं, मधे शून्य, पहिला आकडा गाडीच्या आकाराचा, शेवटचा पिढीचा. (या मधल्या शून्यापायी १९६४ मध्ये पोर्शला आपल्या ९०१ चं ९११ करायला लागलं होतं, इतके हे लोक त्यावर अडून असतात.) तेव्हा ३०५ बाजारात होती. तिच्या नंतरची म्हणजे ३०६, पण ही गाडी ३०५ ची वारस नाही, दुसऱ्या घरातून दत्तक आलेली, मग तिला पुढचा नंबर कसा देणार. म्हणून रांग सोडून थेट ३०९. आणि १९९३ मध्ये जेव्हा खरी वारस आली तिला ३०६ मिळाला. म्हणून ३०९ आधी, ३०६ नंतर.

पहिली ३०९ ऑक्टोबर १९८५ मध्ये फ्रान्समध्ये नाही तर रायटनला लाइनवरून उतरली, इंग्लंडमध्ये बनलेली ही पहिली प्यूजो. पोआसीला पण बनायला लागली. लोक या गाडीला नेहमी बॅज बदललेली उरलीसुरली म्हणून हसतात, माझं मत वेगळं आहे. ही गाडी बनवलीच होती दोन आजारी कारखान्यांना काम पुरवायला, आणि ते तिने केलं. सुरुवातीच्या छोट्या मॉडेलला इंजिन बघा कुठलं, तर १११८ आणि १२९४ सीसीची सिम्काची जुनी, साठच्या दशकात ज्यांचं मूळ आहे अशी पुशरॉडवाली, टॅपेट खडखडणारी, शिवणयंत्रासारखा आवाज. का, तर ती पोआसीलाच बनायची आणि तिथल्या मशिनी नि माणसं बसवून ठेवायची नव्हती. मोठ्या मॉडेलला मात्र प्यूजोची चांगली एक्सयू सिरीजची इंजिनं, १.६ आणि १.९, आणि डिझेलला १९०५ सीसीचं एक्सयूडी, ज्याबद्दल युरोपातले टॅक्सीवाले अजून हळवे होतात. १९८७ मध्ये ३०९ जीटीआय आली, इंजिन २०५ चंच १३० हॉर्सपॉवरचं, पण ते जरा लांब अंग असल्यामुळे वळणावर २०५ सारखी पटकन बूड फिरवत नाही, आणि जाणकार लोक चालवायला हीच जास्त पसंत करतात, दिसायला २०५. १९८९ मध्ये जीटीआय-१६ पण काढली १६० हॉर्सपॉवरची.

त्याच १९८९ ला फेसलिफ्ट. डिकीचं तोंड आधी कमरेएवढं उंच होतं, सामान वर उचलून आत टाकायला लागायचं, ते बंपरपर्यंत खाली आणलं, टेललाइट बदलल्या, डॅशबोर्ड बदलला, मोठ्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स जो आधी पहिल्याच्या बाजूला होता तो पाचव्याच्या खाली आणला. त्यानंतर जुनी सिम्का इंजिनं काढून टीयू सिरीजची नवी, १९८६ मध्ये सिट्रोएन एएक्समध्ये पहिल्यांदा आलेली, हलकी ओव्हरहेड कॅमवाली बसवली. एकूण ३०९ सोळा लाखांच्या वर बनल्या, टाकून दिलेल्या नावाच्या गाडीला वाईट नाही.

आता कल्याण. प्यूजो हे नाव आपल्याकडे ९४ साली एकदम आकाशातून पडलं नव्हतं. महिंद्राच्या ज्या जीपच्या नावात डीपी असायचं, त्यातलं पी म्हणजे प्यूजो, २११२ सीसीचं एक्सडीपी इंजिन, आणि ते इगतपुरीला बनायचं. म्हणजे घाटातल्या मेस्त्र्यांना प्यूजो डिझेल तोंडपाठ होतं, फक्त उच्चार 'पूजो'. दिवाळीला इंजिनाला हळदकुंकू लावताना यावर एक विनोद ठरलेला असायचा, तो तुम्हाला सुचलाच असेल.

उदारीकरणानंतर सगळे परदेशी जोडीदार शोधत होते. प्रीमियर ऑटोमोबाइल्स, वालचंद हिराचंदांनी १९४४ ला काढलेली कंपनी, पद्मिनीवर जगत होती, तिने दोन जोडीदार केले. प्यूजोबरोबर पाल-प्यूजो, गाडी ३०९, जागा कल्याणचा कारखाना. आणि फियाटबरोबर उनो कुर्ल्याला. आपल्याकडे ३०९ आली ती फेसलिफ्टवाली पाच दरवाजांची, दोन इंजिनं, १३६० सीसीचं टीयू३ पेट्रोल आणि १५२७ सीसीचं टीयूडी५ डिझेल. युरोपात ३०९ रिटायर होत होती तेव्हा इथे ती नवी नवरी. पण त्यावेळी पद्मिनी आणि अँबॅसेडरमधून उतरून जो माणूस ३०९ मध्ये बसला त्याला विचारा. सीट कशा, तर सोफा. खड्ड्यात चाक गेलं तर आवाज यायचा पण पोटातलं पाणी हलायचं नाही. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला खोपोलीचा घाट चढताना डिझेल जरा धापा टाकायचं, ५७-५८ हॉर्सपॉवरच ती, पण एव्हरेज असा की मालक डायरीत लिहून ठेवून लोकांना दाखवायचे.

मग काय बिनसलं. सगळंच. कारखान्यात कामगार आणि मॅनेजमेंटचं भांडण, काम बंद, दोन जोडीदारांचं आपसात पटेना, डीलर-सर्व्हिसचं जाळं अपुरं, तोपर्यंत सिएलो, ॲस्ट्रा, एस्कॉर्ट येऊन उभ्या. १९९७ मध्ये प्यूजोने हात काढून घेतला. ज्या गाडीने पोआसीचा संप पचवला ती कल्याणच्या संपात गेली, कारण तिथे मागे उभं राहायला कंपनी होती आणि सरकार मधे पडलं होतं, इथे दोन्ही भागीदारांना घरी जायची घाई. माझ्या वर्कशॉपमध्ये तेव्हा चार ३०९ उभ्या होत्या पार्टची वाट बघत, त्यातल्या दोघींचे मालक फोन करायचे हळूहळू बंद झाले.

आता तुमच्या कामाचं. डिझेल आहे हे नशीब समजा, कारण टीयूडी५ हेच इंजिन पुढे मारुतीने झेन डिझेल आणि एस्टीम डिझेलमध्ये घातलं. म्हणजे टायमिंग बेल्ट, हेड गॅस्केट, पिस्टन रिंग, ही इंजिनाच्या आतली मंडळी त्या नावाने मागा, ३०९ म्हणालात की दुकानदार मान हलवून मोकळा होतो. माउंटिंग आणि बाहेर लटकणारे भाग मात्र जुळतील असं धरू नका, जुना तुकडा हातात घेऊनच जा. अकरा वर्षं उभी आहे तर कृपा करून स्टार्टर मारू नका. बेल्टचं रबर एका जागी वळून मेलेलं असतं, पहिल्याच झटक्यात दात सुटले की व्हॉल्व पिस्टनवर आपटतात आणि मग तीन हजारांचं काम तीस हजारांवर जातं. आधी बेल्ट, आणि त्याच बेल्टवर वॉटर पंप फिरतो तेव्हा तोही बरोबरच. टाकी उतरवून धुवा, डिझेलचा डिंक झालेला असेल. डिझेलचा पंप खोलायला रस्त्यावरच्या माणसाकडे देऊ नका, कॅलिब्रेशनचं टेबल असलेल्या पंपवाल्याकडेच न्या. हे सगळं झालं की मगच बॅटरी, आणि आधी इंजिन पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून बघा, अडतंय का.

पण इंजिन हा खरा खर्च नाही. खरा खर्च तो टॉर्शन बारवाला मागचा ॲक्सल, २०५, ३०९, ३०६ तिघींचं खानदानी दुखणं. मागची आर्म, म्हणजे चाक धरणारा दांडा, ज्या नळीत फिरते तिथे नीडल बेअरिंग असतात, सुयांएवढे रोलर. सील सुकलं की पावसाचं पाणी आत, ग्रीस वाहून जातं, ग्रीस भरायला निपल दिलेलाच नाही, सुया गंजून पीठ होतात आणि मग त्या शाफ्टलाच खातात. नुसत्या बेअरिंग गेल्या असतील तर परवडतं, शाफ्टला चरे पडले की लेथवाल्याकडे जावं लागतं आणि चांगला लेथवाला हवा. आणि खोलताना कोणीही मेस्त्री असो, त्याला उभं राहून सांगा की टॉर्शन बार काढण्याआधी बार आणि आर्म दोन्हीवर पंचने ठिपका मारून घे. त्या बारच्या दोन टोकांचे दात वेगवेगळ्या संख्येचे असतात, गाडीची उंची त्यावरच बसते, ठिपके न मारता काढला तर परत लावताना एक चाक वर एक खाली, दोन दिवस त्यातच जातात. हे मी अनुभवाने सांगतोय, १९९८ चा तो रविवार आणि सोमवार दोन्ही मला आठवतात.

खर्च करण्यालायक आहे का, तर ते ॲक्सल बघितल्याशिवाय मी सांगणार नाही, आणि पत्रा दारांच्या खालून किती सडलाय त्यावरही आहे. तेव्हा आधी एवढंच करा. गाडी ढकलून सपाट फरशीवर आणा, चारही टायरमध्ये हवा भरा, डिकी पूर्ण रिकामी करा, आणि दहा पावलं मागे जाऊन खाली बसून मागच्या दोन चाकांचा फोटो काढा. चाकं वरच्या बाजूला आत झुकलेली दिसली, म्हणजे दोन चाकं मिळून उलट्या व्ही सारखी, तर बेअरिंग गेल्या समजा. मग डिकीवर बसून चार वेळा दाबा आणि जुन्या झोपाळ्याच्या कड्यांसारखा कुईं आवाज येतो का ऐका. फोटो आणि आवाज दोन्ही पाठवा, मग आकडा सांगतो.